तबकडीवरचे गाव

काठीच्या होळीला एकदा जाऊन आलेल्या माणसाला ढोल म्हणजे काय हे वेगळे सांगावे लागत नाही. अक्कलकुवा तालुक्यातल्या या गावात होळी पेटते ती भल्या पहाटे. तोवर रात्रभर कमरेला घुंगरू आणि वाळलेले भोपळे बांधलेले, अंगावर पांढरे ठिपके काढलेले बुध्ये फेर धरून नाचत असतात. मोठा ढोल असा घुमतो, की तो कानाच्या आधी छातीला ऐकू येतो.

छातीशी बोलणारे आणखी एक संगीत आहे. ते मात्र बऱ्याच घरांत भांडणाचे कारण होते. मुलगा खोलीचे दार लावून घेतो, आतून गिटारींचा करकराट, ड्रमचा भडिमार आणि कोणाचे तरी ओरडणे ऐकू येते, आणि आजोबा विचारतात, "याला गाणे म्हणायचे?" या प्रकाराला थ्रॅश मेटल म्हणतात. गेल्या शतकातल्या ऐंशीच्या दशकाच्या आरंभी त्याचा अमेरिकेत जोर सुरू झाला. वेग आणि राग हे त्याचे भांडवल. सगळ्यांना आवडावे असा या वाद्यवृंदांचा दावाही नव्हता. ज्यांना आवडले त्यांनी मात्र ते जिवापाड जपले. म्हणूनच त्यांच्या जुन्या ध्वनिमुद्रिका वीस-तीस वर्षांनी पुन्हा बाजारात येतात आणि खपतातही. २०१७ साली अशीच एक पुन्हा आली. तिची कथा नंदुरबारच्या माणसाने जरा सावकाश ऐकावी अशी आहे. आजोबांनीसुद्धा.

वाद्यवृंदाचे नाव सेपुल्तुरा. पोर्तुगीज भाषेत याचा अर्थ थडगे. (नावावरून घाबरू नये, या मंडळींत अशी नावे म्हणजे आपल्याकडच्या 'नवतरुण मंडळा'इतकी सर्रास.) १९८४ साली ब्राझीलमधल्या बेलो होरिझोन्ते शहरात माक्स आणि इगोर कावालेरा या दोन भावांनी तो सुरू केला. तेव्हा दोघेही मिसरूड फुटायच्या वयाचे. त्यांची पहिली तबकडी गावातल्याच रेकॉर्डविक्रीच्या दुकानाने काढली. इंग्रजी कच्चे, पण गाणी इंग्रजीतच, कारण मोठे कलाकार इंग्रजीत गात. पुढच्या दहा वर्षांत ही मुले जगभर गाजली.

नाव झाल्यावर त्यांना आपल्याच देशाची आठवण झाली. १९९५ साली ते ध्वनिमुद्रणाचे साहित्य घेऊन मातो ग्रोसो राज्यातल्या शावांते आदिवासींच्या गावी गेले. आधी निरोप गेला होता, परवानगी घेतली होती. गावाने त्यांची अंगे रंगवली. ते गावकऱ्यांबरोबर बसून वाजवायला शिकले आणि त्यांच्या गाण्याला साध्या गिटारची साथ देऊन तिथेच ते मुद्रित केले. शावांते लोकांत गाणे 'रचले' जात नाही, ते स्वप्नात मिळते आणि मग सगळ्यांनी मिळून गायचे असते. लॉरा ग्रॅहम या अमेरिकन अभ्यासिकेने याच समाजात राहून त्यावर १९९५ साली पुस्तक लिहिले आहे.

१९९६ च्या फेब्रुवारीत 'रूट्स' ही ध्वनिमुद्रिका निघाली. तिच्यात बाराव्या क्रमांकावर ते गाणे आहे. नाव 'इत्सारी'. शावांते भाषेत त्याचा अर्थही 'मुळे'च. आरडाओरड्याची गाणी ऐकून थकलेल्या कानाला एकदम माणसांचा समूहस्वर ऐकू येतो, पायांचा ठेका ऐकू येतो. मला विचाराल तर सगळ्या तबकडीत तेच खरे. मुखपृष्ठावर आदिवासी चेहरा आहे, तोही ब्राझीलच्या एका जुन्या नोटेवरून घेतलेला. सरकारने नोटेवर छापलेला चेहरा इथे गाऊ लागला, असे म्हणायला हरकत नाही.

त्याच वर्षाच्या अखेरीस माक्स भांडून बाहेर पडला. २०१७ च्या पुनर्प्रकाशनात मूळ गाण्यांबरोबर पूर्वी न निघालेली मुद्रणेही आली. (२०२३ साली दोघा भावांनी आपल्या पहिल्या दोन तबकड्या नव्याने वाजवून काढल्या, तो प्रकार निराळा. पुनर्प्रकाशनात जुना आवाज जुनाच राहतो.)

जुना आवाज राहतो, पण कोणाच्या नावाने? याचे दुसरे उदाहरण त्याच काळातले. १९९२ साली डीप फॉरेस्ट या फ्रेंच जोडगोळीचे एक मधुर गाणे जगभर वाजले. लोकांना ते आफ्रिकेच्या जंगलातले वाटले. ती होती पॅसिफिक महासागरातल्या सॉलोमन बेटांवरची अंगाई. ह्यूगो झेम्प या संगीत-अभ्यासकाने ती १९७० च्या सुमारास मुद्रित केली होती आणि युनेस्कोच्या संग्रहात ती प्रसिद्ध झाली होती. गाणारीचे नाव अफुनाक्वा. लाखो प्रती खपल्या, तिचे नाव कुठेच नव्हते. झेम्पने पुढे लेख लिहून तक्रार केली, पण अंगाई तोवर घरोघर पोचली होती. ऐकणाऱ्यांना मधुर वाटलेल्या त्या गाण्यापेक्षा आजोबांना न सोसणारी ती ओरडणारी पोरे अधिक सभ्य वागली, असे माझे मत आहे.

आता परत काठीला. १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेनुसार दर शंभरातले सुमारे एकोणसत्तर लोक आदिवासी आहेत. होळीला हल्ली दुरून पाहुणे येतात. ढोल सुरू झाला की शेकडो हात मोबाइल घेऊन वर होतात. सकाळ व्हायच्या आत ती चित्रे गावोगाव पोचतात आणि खाली लिहिलेले असते 'सातपुड्यातील आदिवासी नृत्य', फार तर 'राजवाडी होळी'. ढोल कोणी वाजवला, पावरीवाला कुठल्या पाड्याचा, म्हटलेले गाणे कोणते, त्याचा अर्थ काय, हे लिहिलेले क्वचितच दिसते. पालनी पाळून, खाटेवर न झोपता, व्रतस्थ राहून जो बुध्या नाचला, त्याचा चेहरा दिसतो आणि नाव दिसत नाही. त्या चित्रावर कोणी दुसरेच संगीत चढवले, तर तक्रार करायला झेम्पही नसतो.

आणि काही नावे तर माहीत असतात. गावात कोणालाही विचारा, अमक्या पाड्याचा तमका ढोलावर बसला की रात्र कशी सरते ते कळत नाही, असे सांगतील. फक्त विचारावे लागते, आणि पहाटेची घाई संपायच्या आत विचारावे लागते. कारण होळी पेटली की ढोलवाले ढोल खांद्यावर घेऊन डोंगराच्या वाटेने निघून जातात. पुढच्या गावची होळी असते.