जुन्या मोटारीची टाकी

गेल्या उन्हाळ्यात आमच्या शेजारी राहणाऱ्या एका सेवानिवृत्त गृहस्थांच्या मोटारीला पेट्रोलचा वास येऊ लागला. मोटार 1964 सालची ॲम्बेसडर. टाकी अर्धी असली की वास नसे. भरून आणली की पडवीत रात्रभर वास कोंडून राही, आणि पडवीला लागूनच स्वयंपाकघर. मोटार भंगारात देण्याचा सल्ला अनेकांनी दिला. आम्ही मात्र एका वयोवृद्ध मिस्त्रींच्या हाताखाली दोन रविवार घालविले. तेथे जे उमगले ते येथे मांडीत आहोत.

इंदूरला मोटारींचे अप्रूप जुनेच. महाराज यशवंतराव होळकर (दुसरे) यांनी अमेरिकेतील ड्यूसेनबर्ग कंपनीच्या सांगाड्यावर लंडनच्या गर्नी नटिंगकडून देखणा साटा चढवून घेतला होता. पण राजाची मोटार असो वा पेन्शनराची, पेट्रोलची टाकी हा शेवटी पत्र्याचा डबाच. त्याला भोके पाडून जेथे काही बसविलेले असते, तेथेच तो बहुधा प्रथम गळतो. पेट्रोल ओतण्याची मान, तळाचे मळीचे बूच, इंजिनाकडे जाणारी नळी आणि काट्याला पेट्रोलची पातळी कळविणारा तरंगता फ्लोट, ही ती ठिकाणे. वास टाकी भरल्यावरच येतो, म्हणजे दोष वरच्या भागात, हे मिस्त्रींनी टाकीला हात न लावताच सांगितले.

टाकी उतरविल्यावर त्यांचे म्हणणे खरे ठरले. फ्लोटच्या गोल झाकणाखालचे बुचाचे गॅस्केट नखाने दाबताच भुगा होऊन पडले. साठ वर्षांचे बूच वाळणारच. पण भर घातली ती नव्या इंधनाने. आपल्याकडे 20 टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल 2023 पासून विक्रीस आले आणि 2025 पर्यंत बहुतेक सर्वत्र पोहोचले. इथेनॉल म्हणजे मद्यार्कच. सुतार लाख स्पिरिटात विरघळवून लाकडाला पॉलिश करतो, हे आपण पाहिले असेल. जुने कारागीर असे सांधे लाख लावूनच बंद करीत. साध्या पेट्रोलला जी लाख दाद देत नसे, ती या मिश्रणात हळूहळू सुटते. जुने रबरही त्यात फुगते व मऊ पडते. शिवाय इथेनॉल हवेतील ओलावा ओढते. पावसाळाभर मोटार उभी राहिली तर तळाशी पाणी साचून पत्रा आतून गंजू शकतो.

म्हणून जुन्यासारखेच नवे बूच बसविण्यात अर्थ नव्हता. गॅस्केट व्हायटॉन या फ्लोरिनयुक्त रबराचे कापून घेतले. हे रबर 1957 साली बाजारात आले, म्हणजे आमच्या मोटारीहून वयाने वडीलच! मानेची रबरी नळी इथेनॉल सोसणारी घेतली. तळाच्या बुचाचा तांब्याचा वॉशर मात्र जुनाच ठेवला. दाबाने कठीण झालेले तांबे लालसर तापवून पाण्यात बुडविले की पुन्हा मऊ होते. हे तापविणे अर्थातच टाकीपासून दूर, परसाच्या पलीकडे केले.

येथे मिस्त्री फार कडक होते. प्रथम बॅटरीची तार सोडविली. काम उघड्या अंगणात, दिवसाच्या उजेडात. खड्ड्यात नाही, कारण पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्याने खाली साचते. उणे 40 अंशांच्या थंडीतही पेट पकडण्याजोगी वाफ पेट्रोलमधून निघते. मग आमच्या माळव्यातील मे महिन्याचे काय सांगावे! आणि रिकामी टाकी भरलेल्या टाकीहून अधिक भयंकर, कारण तिच्यात वाफ व हवा दोन्ही असतात. एका कारागिराने "तेवढ्यापुरता झाळ मारून देतो" असे आम्हांला आधी सांगितले होते. ते आम्ही ऐकले असते तर हा लेख लिहिण्यास आम्ही उरलो असतो की नाही, शंकाच आहे.

झाकणाचे स्क्रू एकाच बाजूने क्रमाने न आवळता समोरासमोरचे थोडे थोडे आवळले, म्हणजे गॅस्केट सारखे दबते. टाकी जागेवर चढवून प्रथम पाच लिटर पेट्रोल घातले, खाली वर्तमानपत्र पसरले आणि रात्र जाऊ दिली. कागद कोरडा होता. मग टाकी काठोकाठ भरली. तरीही वास नाही.

काटा मात्र हलेना! नव्या रबराने झाकण टाकीपासून विद्युतदृष्ट्या अलग केले होते, आणि फ्लोटचा प्रवाह टाकीच्या पत्र्यातूनच परतत असतो. एका स्क्रूखालून मोटारीच्या सांगाड्यापर्यंत वीतभर तार जोडली, तेव्हा काटा सावकाश उठला आणि भरलेल्या टाकीच्या खुणेपाशी जाऊन थांबला.