थंडीच्या मुलखातलं गॅरेज: हिशेब पाण्याचा

अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात घराशेजारी गॅरेज असणं ही चैन नव्हे. याच राज्यातल्या टॉवर या गावी 2 फेब्रुवारी 1996 रोजी पारा उणे 51 अंश सेल्सिअसपर्यंत उतरला होता. त्यामानानं दक्षिणेला असलेल्या मिनीॲपोलिस शहरातही उणे 25च्या आसपासच्या रात्री नवलाच्या नाहीत. अशा हवेत ज्यांना स्वतःच्या हातानं सुतारकाम, वेल्डिंग किंवा जुन्या गाड्यांची दुरुस्ती करायची असते, त्यांचं दोन गाड्यांपुरत्या खोलीत भागत नाही. तीस बाय चाळीस फुटांची जागा, उंच छत, एका बाजूला लेथ, मधोमध गाडी उचलणारी दोन खांबांची लिफ्ट, आणि हे सगळं स्वतः उभं केलेलं, असं ते स्वप्न असतं. पुण्या-नाशकाकडून तिकडे गेलेल्या मराठी अभियंत्यांनाही हा नाद लागतो, आणि लागावा असाच तो आहे.

या कामात सल्ल्यांना तोटा नसतो. बहुतेक सल्ले थंडीशी झुंजायचे असतात: मोठा हीटर घ्या, भिंत जाड करा, काँक्रीट आणखी दोन इंच वाढवा. माझं मत असं की थंडीच्या आधी पाण्याचा माग काढावा. जमिनीतलं पाणी, भिंतीत शिरणारी वाफ, गाडीखाली वितळणारा बर्फ, हीटरच्या ज्योतीतून निघणारं पाणी. अशा इमारती बिघडतात त्या बहुधा यांच्यापायी. आणि यातला मोठा बंदोबस्त कोब्याखाली करायचा असतो. कोबा एकदा ओतला की ती संधी गेली.

“पाणी गोठलं की फुगतं, म्हणून जमीन वर येते”

पाणी गोठताना सुमारे 9 टक्के फुगतं, एवढं खरं. पण तीन-साडेतीन फूट जमीन ओलीचिंब होऊन गोठली, तरी या हिशेबानं ती फार तर इंच-दीड इंच उचलेल. प्रत्यक्षात ती याच्या कित्येक पट उचलू शकते. म्हणजे कारण दुसरंच आहे.

ते शोधलं स्टीफन टेबर या भूशास्त्रज्ञानं. दक्षिण कॅरोलायना विद्यापीठातल्या या संशोधकाचे लेख 1929 आणि 1930 साली प्रसिद्ध झाले. त्यानं मातीत पाण्याऐवजी बेंझिन भरून ती गोठवली. बेंझिन गोठताना फुगत नाही, उलट आकसतं. तरीही माती वर उचलली गेली! यातून स्पष्ट झालं की जागच्या जागी असलेला द्रव फुगल्यामुळे जमीन उचलत नाही. गोठणीची रेषा जिथे असते तिथे खालच्या ओल्या मातीतून पाणी वर ओढलं जातं आणि बर्फाचे आडवे पापुद्रे तयार होतात. पाणी मिळत राहिलं की पापुद्रे जाड होत जातात आणि वरची जमीन, पाया, कोबा, सगळं उचलतात. वसंत ऋतूत हा बर्फ वरून वितळायला लागतो. खालची जमीन अजून गोठलेलीच असल्यानं पाण्याला वाट मिळत नाही, आणि उचललेला भाग चिखलावर बसतो. बरीचशी मोडतोड या दिवसांत होते.

म्हणजे उचल होण्यासाठी तीन गोष्टी एकत्र याव्या लागतात: गोठवणारी थंडी, पाणी आणि बारीक कणांची माती. पोयट्याची माती यात सर्वांत वाईट. तिच्यातली छिद्रं पाणी वर ओढण्याइतकी बारीक असतात आणि ते भराभर वाहू देण्याइतकी मोकळी. चिकणमाती पाणी जोरानं ओढते, पण सावकाश. स्वच्छ खडी आणि जाड वाळू जवळजवळ ओढतच नाहीत. थंडी तुमच्या हातात नाही. माती आणि पाणी आहे. विदर्भात किंवा मराठवाड्यात काळ्या जमिनीत घर बांधणारा शहाणा माणूस मुरूम लागेपर्यंत खणतो, कारण ती माती पाण्यानं फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते हे त्याला ठाऊक असतं. तोच शहाणपणा इथे लागतो. पोयटा काढा, धुतलेली खडी भरा, तिच्यातलं पाणी बाहेर जायला वाट ठेवा. छपराच्या पन्हळीचं पाणी भिंतीच्या बुडाशी सोडू नका. एवढ्या मोठ्या छपराचं पाणी पायाशी मुरत असेल, तर खाली पापुद्र्यांना खाद्य पुरवणारे तुम्हीच.

“शेजाऱ्याच्या गॅरेजला पायाच नाही, मग मला कशाला?”

शेजाऱ्याचं खरं असतं, तुमचं वेगळं. मिनेसोटाच्या नियमांनुसार घरापासून सुटं, एकमजली आणि 1,000 चौरस फुटांपर्यंतचं खाजगी गॅरेज जमिनीवर तरंगत्या कोब्यावर उभारता येतं. फक्त खाली दलदलीची, कुजकट माती नको. हिवाळ्यात ते सगळं मिळून थोडं वर जातं आणि पुन्हा खाली येतं. तीस बाय चाळीस म्हणजे 1,200 चौरस फूट. तिथे ही सवलत संपते आणि पाया गोठणीच्या खाली न्यावा लागतो: राज्याच्या दक्षिण भागात 42 इंच, उत्तरेत 60 इंच. खांब पुरून उभारलेल्या, शेतावरच्या कोठारासारख्या बांधणीलाही यातून सूट नाही.

आता याच्या उलट टोकाचा समज: थंड प्रदेशात खोल खणण्याला पर्यायच नाही. पर्याय आहे आणि तो जुना आहे. नॉर्वे, स्वीडन आणि फिनलंडमध्ये दहा लाखांहून अधिक घरं उथळ पायावर उभी आहेत. पायाच्या कडेला उभा आणि जमिनीखाली बाहेरच्या बाजूला आडवा असा कडक फोमचा पट्टा घालतात. इमारतीतून झिरपणारी आणि जमिनीच्या पोटातली ऊब त्यामुळे पायाखाली टिकते आणि तिथली माती गोठत नाही. अमेरिकेच्या बांधकाम संहितेतही ही पद्धत आहे, आणि त्यातली अट नीट वाचायला हवी: इमारतीचं मासिक सरासरी तापमान किमान 18 अंशांच्या आसपास राखलेलं असावं. पुष्कळ जण इथे फसतात. गॅरेज “लागेल तेव्हाच तापवू” म्हणणाऱ्याला ही रचना लागू नाही. न तापवणाऱ्या इमारतीचा आराखडा वेगळा असतो. त्यात फोम सबंध कोब्याखालून घालतात. स्वतःची सवय प्रामाणिकपणे ओळखा आणि मग पाया ठरवा.

अलास्कातल्या फेअरबँक्सच्या आसपास हे सगळं गणित उलटं होतं. तिथे काही ठिकाणी जमीन बारा महिने गोठलेली असते आणि तिच्यात बर्फ भरलेला असतो. अशा जागी ऊबदार गॅरेज खालची जमीन वितळवून स्वतःच खचतं. तिकडे इमारत जमिनीपासून उचलून घेतात, म्हणजे खालून थंड हवा खेळत राहते.

“कोबा जाड घातला की थंडी येत नाही, फोम गाडीखाली दबेल”

काँक्रीट उष्णता अडवत नाही. दोन इंच निळा किंवा गुलाबी कडक फोम जेवढी अडवतो, तेवढी अडवायला आठ फुटांहून जाड काँक्रीट लागेल. आणि दबण्याची भीती आकड्यांपुढे टिकत नाही. अशा फोमचा नेहमीचा प्रकार दर चौरस इंचाला 25 पौंड दाब सोसतो, म्हणजे चौरस फुटाला 1,600 किलोंहून जास्त. कायमच्या भारासाठी त्याचा तिसरा हिस्सा धरला, तरी 500 किलोंच्या वर क्षमता उरते. जड पिकअपच्या एका चाकावर सहा-सातशे किलो येतात आणि पाच इंचांचा कोबा तो भार कित्येक चौरस फुटांवर पसरवतो. लिफ्टच्या दोन खांबांखाली मात्र बनवणाऱ्यानं सांगितलेली जाडी आणि ताकद द्यायलाच हवी. कोब्यातून गरम पाण्याच्या नळ्या फिरवणार असाल, तर खांबांच्या बोल्टची जागा आधीच आखून तिथून नळी वळवा.

फोम मध्यभागी घालून कडा उघडी ठेवणं ही सर्वांत महाग चूक. कोब्यातली ऊब मुख्यतः कडेनं बाहेर पळते.

“थंडीत काँक्रीटमध्ये केमिकल टाकलं की झालं”

काँक्रीट सुकून घट्ट होत नाही. सिमेंट आणि पाणी यांच्या रासायनिक क्रियेनं होतं, आणि थंडीत ही क्रिया मंदावते. हवा 4 अंशांच्या खाली जाण्याचा संभव असेल, तर अमेरिकन काँक्रीट इन्स्टिट्यूटच्या मार्गदर्शनानुसार काम थंड हवेतलं समजून करावं लागतं. ताजं काँक्रीट दर चौरस इंचाला 500 पौंडांची ताकद येण्याआधी गोठलं, तर त्याच्या अंतिम ताकदीतला निम्म्यापर्यंत वाटा गमावला जाऊ शकतो. कॅल्शियम क्लोराइडमुळे ही क्रिया वेग घेते, पण पाणी गोठायचं थांबत नाही. शिवाय आतल्या सळ्या गंजतात. खरा उपाय म्हणजे गोठलेल्या जमिनीवर कधीच न ओतणं आणि वरून ऊबदार गोधड्या घालणं. ताडपत्रीच्या मांडवात धुराडं नसलेला हीटर लावू नका. त्याचा कार्बन डायऑक्साइड ताज्या पृष्ठभागाशी संयोग पावतो आणि वर कायम भुकटी सुटत राहते. जमेल तर हे काम सप्टेंबरातच उरकावं, हे मी जिवाभावानं सांगतो.

“भिंतीनं श्वास घ्यायला हवा”

मातीच्या आणि दगड-चुन्याच्या भिंतींत वाढलेल्या आपल्यासारख्यांना हे पटकन पटतं. लाकडी सांगाडा, मध्ये काचेचा कापूस आणि बाहेर उणे 20 अंश अशा भिंतीत मात्र याचा अर्थ असा होतो: आतली दमट हवा फटीतून आत शिरते, बाहेरच्या थंड फळीला भिडते आणि तिथेच दव होऊन गोठते. हिवाळाभर साठलेला हा बर्फ मार्चमध्ये भिंतीत वितळतो. माणसाला छप्पर गळतंय असं वाटतं आणि तो छप्पर दुरुस्त करत बसतो.

म्हणून मिनेसोटासारख्या प्रदेशात बाष्परोधक पडदा भिंतीच्या आतल्या, म्हणजे ऊबदार बाजूला लावतात. मुंबईत वातानुकूलित खोलीला तो याच जागी लावला, तर चुकीचा ठरेल. तिथे दमट हवा बाहेर असते. पण पडद्याहूनही महत्त्वाच्या आहेत फटी. इमारतशास्त्रात एक उदाहरण नेहमी देतात: चार बाय आठ फुटांच्या जिप्सम बोर्डातून सबंध हिवाळ्यात पाझरून जातं सुमारे पाव-अर्धा लिटर पाणी, त्याच बोर्डाला एक चौरस इंचाचं भोक असेल, तर हवेबरोबर वाहून जातं सुमारे 30 लिटर. विजेच्या प्रत्येक डब्याभोवती, प्रत्येक पाइपाभोवती आणि भिंत कोब्याला टेकते तिथे फटी बुजवा. या कामाला कुणी वाहवा देत नाही, पण इमारत यावर टिकते. मोठ्या दरवाजाचंही तेच. जाहिरातीतला ऊब अडवण्याचा आकडा बहुधा दरवाजाच्या पाटीच्या मधल्या भागाचा असतो. कडेचं रबर सैल असेल, तर त्या आकड्याला अर्थ उरत नाही.

“प्रोपेनचा सुटा हीटर स्वस्त आणि पुरेसा”

एक किलो प्रोपेन जळलं की सुमारे 1.6 किलो पाणी तयार होतं. हे साधं रसायनशास्त्र आहे. नऊ किलोंचं एक सिलिंडर संपलं, म्हणजे तुम्ही खोलीत चौदा लिटरांहून जास्त पाणी वाफेच्या रूपात सोडलं. ते खिडकीवर, छताच्या खिळ्यांवर आणि तुमच्या लेथवर जाऊन बसतं. कार्बन मोनॉक्साइडचा धोका तर जिवाशी गाठ. धूर बाहेर नेणारा हीटरच घ्या. त्याची ज्योत किंवा ठिणगी जमिनीपासून किमान 18 इंच वर असावी, कारण पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते आणि कोब्यालगत पसरते.

याला जोडून आणखी एक समज आहे: सतत तापवलं तर खर्च कमी येतो. ऊब बाहेर जाते ती आतल्या-बाहेरच्या तापमानातल्या फरकानुसार, त्यामुळे थंड ठेवलेलं गॅरेज कमीच इंधन खातं. पण यंत्रांचा हिशेब वेगळा. हवा काही मिनिटांत तापते, शेकडो किलोंच्या बिडाला कित्येक तास लागतात. आत 10 अंश तापमान आणि 60 टक्के दमटपणा असेल, तर अडीच अंशांहून थंड असलेल्या प्रत्येक वस्तूवर दव धरतं. रोज असं झालं की लेथचा बेड गंजलाच. ज्याच्याकडे चांगली यंत्रं आहेत त्यानं हिवाळाभर सात-आठ अंश राखावेत आणि तो खर्च यंत्रांच्या खात्यात लिहावा.

“पत्र्यावरून बर्फ घसरून जाईल”

कधी जातो, कधी जात नाही. छताचं गणित तो साठेल असंच धरून करतात. मिनेसोटात जमिनीवरचा बर्फभार दक्षिणेत चौरस फुटाला 50 पौंड आणि उत्तरेत 60 पौंड धरतात. छपरासाठी त्याचा सत्तर टक्के, म्हणजे 35 आणि 42. तीस बाय चाळीसच्या छपरावर दक्षिणेतही हा भार एकोणीस टनांचा होतो. म्हणून कारखान्यातून आलेली कैची लिफ्टला उंची मिळावी म्हणून कापू नका आणि तिच्या खालच्या दांड्याला इंजिन उचलायची साखळी टांगू नका. उंची हवी असेल तर आतून वर चढत्या आकाराच्या कैच्या आधीच मागवा.

खणायच्या आधी 811 क्रमांकावर फोन करा. जमिनीखालच्या गॅस आणि विजेच्या वाहिन्यांवर मोफत खुणा करून मिळतात. कोबा ओतण्याच्या आदल्या दिवशी फोम, नळ्या आणि सळ्या यांचे मोजपट्टी ठेवून फोटो काढा. आणि पालिकेचा निरीक्षक येऊन पाहून जाईपर्यंत काँक्रीटची गाडी बोलावू नका.