तटावर उभा असलेला धर्मयोद्धा

खेळाचे नियम म्हणजे एक छोटीशी राज्यघटनाच असते. कशाची मुभा आहे, कशाला बंदी आहे आणि कोणत्या कृत्यासाठी काय किंमत मोजावी लागेल, हे त्यांत सांगितलेले असते. आणि ते सांगता सांगता नियमकर्ता आपल्या नीतिविषयक कल्पनाही नकळत लिहून जातो. म्हणूनच वरकरणी पोरखेळ वाटणाऱ्या एका वादाकडे गंभीरपणे पाहावे, असे प्रस्तुत लेखकाला वाटते. अद्भुतरम्य भूमिका-खेळांतील धर्मयोद्धा नैतिकदृष्ट्या तटस्थ असू शकतो काय, असा हा वाद आहे.

ज्या वाचकांचा या खेळांशी परिचय नसेल त्यांच्यासाठी थोडी माहिती देणे आवश्यक आहे. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ प्रसिद्ध केला. एक सूत्रधार कथा सांगतो, बाकीचे खेळाडू तिच्यातील एकेक पात्र होऊन निर्णय घेतात आणि त्या निर्णयांचे यशापयश फासे ठरवतात. प्रत्येक पात्राला एक नैतिक कल असतो. आरंभी असे तीनच कल होते: सुव्यवस्था, अराजक आणि या दोहोंमधील तटस्थता. ही कल्पना पॉल अँडरसन व मायकेल मूरकॉक यांच्या अद्भुतकथांतून आली होती. पुढे १९७८ च्या नियमपुस्तकात तिला सुष्ट-दुष्ट ही दुसरी मोजपट्टी जोडलेली दिसते. दोन्ही पट्ट्यांवर तीन तीन स्थाने, म्हणून एकूण नऊ कल झाले.

वरदानाची किंमत

पॅलाडिन नावाचा धर्मयोद्धा १९७५ सालच्या पुरवणीत प्रथम अवतरला. हे नाव शार्लमेन बादशहाच्या बारा सरदारांच्या दंतकथांतून घेतलेले. १९७८ च्या नियमांत त्याचे वर्णन सविस्तर आले असून अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने ते अवश्य वाचावे असे आहे. या योद्ध्याला स्पर्शाने जखमा बऱ्या करता येतात, रोग त्याला शिवत नाहीत, दुष्टता त्याला दूरवरूनही ओळखता येते. पण हे फुकट नाही. उत्पन्नाचा दशांश दान करावा लागतो. दहाहून अधिक जादुई वस्तू बाळगता येत नाहीत. दुसरी पायरी गाठण्यास साध्या योद्ध्याला २,००१ अनुभवगुण पुरतात, तर याला २,७५१ मिळवावे लागतात. त्याचा कल सुव्यवस्थावादी आणि सुष्ट असलाच पाहिजे. सुव्यवस्थेचा जाणूनबुजून भंग केला तर धर्मगुरूपुढे कबुली देऊन प्रायश्चित्त घ्यावे लागते. आणि जाणूनबुजून, स्वेच्छेने दुष्कृत्य केले तर सारी वरदाने त्याच क्षणी व कायमची नष्ट होतात. उरतो तो केवळ एक तलवारबहाद्दर.

विशेष म्हणजे, तटस्थ सोबत्यांविषयीही येथे नियम आहे. दुष्ट नसलेल्या तटस्थांबरोबर हा योद्धा एखाद्या मोहिमेपुरताच जाऊ शकतो, आणि तेही ती मोहीम सत्कार्यासाठी असेल तरच. म्हणजे नियमकर्त्यांनी तटस्थाला शत्रू मानले नाही; पण कायमचा सहकारीही मानले नाही.

हा सारा व्यवहार एका कराराचा आहे. थॉमस शेलिंग या अर्थशास्त्रज्ञाने १९६० साली ‘द स्ट्रॅटेजी ऑफ कॉन्फ्लिक्ट’ या ग्रंथात दाखवून दिले की, स्वतःचे हात बांधून घेणे हेच कित्येकदा सामर्थ्याचे साधन ठरते. ज्याला माघारीची वाट नाही, त्याच्या शब्दाला वजन येते. धर्मयोद्ध्याचे सामर्थ्य नेमके याच जातीचे आहे. तो अमुक गोष्ट करणार नाही याची खात्री असते, म्हणून दुबळा त्याच्या आश्रयाला येतो. मग ज्याची शपथ कशालाच मनाई करत नाही, त्याला वरदान कोणत्या मोबदल्यात द्यावयाचे?

तटस्थतेचा पक्ष

येथे विरुद्ध बाजू न ऐकणे अन्यायाचे होईल. तिचा युक्तिवाद असा की, जगात समतोल हेच परमतत्त्व मानणाऱ्या देवताही या खेळात आहेत. मग त्यांचा योद्धा तटस्थ का नसावा? याच नियमांत निसर्गपूजक ‘ड्रुइड’ तटस्थच असला पाहिजे असे सांगितले होते. शिवाय आपणच सत्याचे पाईक अशी ज्याची खात्री पटलेली असते, त्याच्या हातची तलवार अधिक निर्दय होते, हा इतिहासाचा दाखला आहे. १०९९ साली जेरुसलेम जिंकल्यावर क्रुसेडच्या वीरांनी तेथील रहिवाशांची कत्तल केली, ती धर्मकार्य म्हणूनच. टेंपलर या योद्धा-संन्याशांच्या संघाला ११२९ साली धर्मसभेची मान्यता मिळाली, आणि दुष्टाला मारणे ही मनुष्यहत्या नसून दुष्टतेची हत्या होय, असे त्यांचे समर्थन क्लेअरव्होच्या बर्नार्डने केले. अशा आत्मविश्वासापेक्षा थोडी साशंक तटस्थता काय वाईट, असा प्रश्न कोणाही विचारी माणसाच्या मनात येईल.

हा आक्षेप वजनदार आहे. पण त्यात दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत झाली आहे. सुव्यवस्था आणि स्वातंत्र्य ही दोन्ही मूल्येच आहेत. नियोजन किती आणि बाजार किती, याविषयी शहाण्या माणसाने मध्यममार्ग धरावा, त्याप्रमाणे या पट्टीवर मध्यभागी उभे राहणे सुज्ञपणाचेच आहे. सुष्ट आणि दुष्ट यांचे तसे नाही. दया आणि क्रौर्य यांच्यातील समतोल म्हणजे अर्धे क्रौर्य. त्याला तत्त्वज्ञानाचे नाव दिल्याने ते निम्मे होत नाही. जेरुसलेमच्या कत्तलीवरचा उतारा उदासीनता हा नव्हे. शत्रूच्या मुलाबाळांनाही लागू पडेल अशी अधिक कडक शपथ, हाच तो उतारा होय.

तटस्थ आणि निःपक्षपाती

आपल्या भाषेने हा भेद फार चांगला जपला आहे. तटस्थ म्हणजे तटावर उभा असलेला. प्रवाहात जो उतरलाच नाही, त्याला हे विशेषण शोभते. हाती शस्त्र घेऊन पाण्यात उतरलेला मनुष्य स्वतःस तटस्थ म्हणवू लागला, तर तो शब्दाचा अपमान आहे. महाभारतातील बलराम कौरव-पांडवांच्या युद्धात तटस्थ राहिला. पण त्यासाठी तो रणांगण सोडून तीर्थयात्रेला गेला. परत आल्यावर भीमाने गदायुद्धाचा नियम मोडून दुर्योधनाच्या मांडीवर केलेला प्रहार त्याने पाहिला, तेव्हा मात्र तो नांगर उगारून धावला. दोघेही त्याचे शिष्यच. पक्षांविषयी तो तटस्थ होता, नियमाविषयी नव्हता.

निःपक्षपातीपणा म्हणतात तो हा. ॲडम स्मिथने १७५९ च्या आपल्या नीतिविषयक ग्रंथात निःपक्षपाती प्रेक्षकाची कल्पना मांडली. हा प्रेक्षक स्वार्थापासून दूर असतो तो निवाडा टाळण्यासाठी नव्हे, तर योग्य निवाडा करण्यासाठी. १८६३ साली जन्मलेल्या रेडक्रॉसचेही तेच. ती संघटना लढणाऱ्यांपैकी कोणाची बाजू घेत नाही, कारण तिने जखमी माणसाची बाजू आधीच घेतलेली असते.

खेळाचे नियमही पुढे बदलत गेले. २००८ च्या चौथ्या आवृत्तीत धर्मयोद्ध्याचा कल त्याच्या आराध्यदेवतेशी जुळला की पुरे, असे ठरले. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीने कलाची अट काढून टाकली आणि शपथ हाच त्याचा पाया मानला. जुन्या खेळाडूंना हा अधःपात वाटतो. मला तसे वाटत नाही. कागदावरचा कल कोणताही असो, शपथ घेतली की माणूस कशाला तरी बांधला जातो, आणि बांधला गेला की तटस्थता संपते. नव्या नियमांनी तटस्थ धर्मयोद्ध्याला मागच्या दाराने आत घेतले असे दिसते खरे. प्रत्यक्षात त्याला उंबरठ्यावरच शपथ घ्यायला लावली आहे.

आपल्यापैकी कोणाजवळ वरदान नाही. पण अधिकार थोडाफार प्रत्येकाजवळ आहे. उत्तरपत्रिका तपासणारा शिक्षक, अर्जावर शेरा लिहिणारा कारकून, वर्गात दुबळ्या सोबत्याची टर उडवली जात असताना पाहणारा विद्यार्थी, हे सारे ‘आम्ही कोणाच्या अध्यात ना मध्यात’ असे मोठ्या अभिमानाने सांगतात. परीक्षार्थीचे नाव न पाहता गुण देणे हा निःपक्षपातीपणा. नक्कल होताना खिडकीबाहेर पाहणे ही तटस्थता. पहिल्यासाठी शिस्त लागते, दुसरीसाठी काहीच लागत नाही. खेळाच्या नियमकर्त्यांनी १९७८ साली हा हिशेब चोख मांडला होता: ज्याने काही मोजले नाही, त्याला साध्या तलवारीपलीकडे काही मिळत नाही.