झिजलेली चावी

नाना पेठेत मे महिन्याची दुपार. दोन्ही बाजूंना स्पेअर पार्टची दुकानं, दारांत टांगलेले सायलेन्सर आणि बंपर. हॉर्न थांबत नाहीत. फुटपाथच्या कडेला मोठी छत्री, छत्रीखाली टेबल. मागच्या फळीवर खिळ्याखिळ्यावर कोऱ्या चाव्यांचे झुबके.

चौघंजण थांबलेत. एकाला स्कूटरची चावी हवी आहे. एका बाईंच्या हातात कपाटाची, एका मुलाकडे फ्लॅटच्या लॅचची. चौथे काका घाम पुसत वारंवार मागे बघतात. मागे त्यांची पांढरी मारुती ८०० उभी आहे. हे मॉडेल १९८३च्या डिसेंबरात रस्त्यावर आलं आणि २०१४च्या जानेवारीत त्याचं उत्पादन थांबलं. म्हणजे आज रस्त्यावर दिसणारी सगळ्यात तरुण ८००सुद्धा दहा वर्षं ओलांडून गेली आहे.

नंबर लागतो. "चावी फिरतच नाही. थोडी बाहेर ओढून, हलवून फिरवली की लागते," काका सांगतात.

चावीवाला चावी उन्हात धरतो. दातांचे कोपरे साबणाच्या वडीसारखे गोल झालेत. तो त्यांवरून अंगठा फिरवतो.

"काका, हिच्यावरून कापली तर झीजसुद्धा उतरेल."

टेबलावरच्या मशीनला चावी पकडणारे दोन शेगडे आहेत. एकात नमुना, दुसऱ्यात कोरी चावी. नमुन्याच्या दातांवरून पिन सरकते, तशी शेजारची चकती कोरी चावी कापत जाते. मूळ दात किती उंच होता, हे मशीनला कळत नाही.

"चावीच्या नंबरची पट्टी आहे?"

नाही. गाडी सेकंडहँड घेतलेली.

मग तो गाडीकडे जातो. पत्रा हाताला चटका देतो. डाव्या दरवाजाचं आतलं कव्हर निघतं, कुलूप बाहेर येतं. याही कुलपाला तीच चावी, पण ते क्वचितच उघडलेलं. स्टार्टरचं रोज फिरतं.

छत्रीखाली परत. कुलपाचा गाभा तो तळहातावर घेतो. त्यात ओळीनं बसवलेल्या पितळी पत्र्या. कोरी चावी आत जाते आणि पत्र्या वर डोकावतात. चावी बाहेर, कानशीचे दोन हात, पुन्हा आत. एक पत्री गाभ्याला समतल होते. मग दुसरी. पितळेचा भुसा त्याच्या बोटांना चिकटतो. रांगेतला मुलगा वाकून बघतोय. कुणी घाई करत नाही.

अशा गाडीसाठी 'लॉकसेटच बदलून टाका' हा सल्ला चटकन मिळतो. इथे आधी चावी नीट बघितली जाते, मग कुलूप. एवढ्या लक्षानं बघणारे हात आहेत, म्हणून या गाड्या अजून चालतात.

शेवटची पत्री आत जाते. काका सीटवर बसतात. चावी अर्ध्यात अडते.

"स्टिअरिंग जरा हलवा." लॉकवरचा ताण सुटतो, चावी फिरते. इंजिन पहिल्या झटक्यात लागतं.

काका पाकीट काढतात. चावीवाला त्यांचा जुना जुडगा हातात तोलतो. घराच्या, कपाटाच्या, गेटच्या, सगळ्या चाव्या एकाच कडीत.

"हे वजन स्टार्टरला लटकवू नका, कुलूप झिजतं. आणि ही चावी रोज वापरू नका. मशीनवर हिच्यावरून दुसरी काढून देतो. ही घरी कपाटात ठेवा. पुढच्या वेळी नमुना म्हणून हीच आणा."

"दोन काढा," काका म्हणतात. "मुलगीही चालवते."