भ्रमाची नाना रूपे

‘शेजारी माझ्या पाण्यात काहीतरी कालवतात,’ असे घरातले कुणी ठामपणे म्हणू लागले आणि पाणी तपासून दाखवले तरी पटेना, तर तो नुसता संशयी स्वभाव नसू शकतो. पुराव्यानेही न ढळणाऱ्या अशा खोट्या समजुतीला मनोविकारशास्त्रात भ्रम म्हणतात. भास याहून वेगळा: कुणी बोलत नसताना आवाज ऐकू येणे हा भास. भ्रम हा विचारांतला बिघाड.

सर्वाधिक आढळतो तो छळाचा भ्रम: कुणीतरी पाळतीवर आहे, जिवावर उठले आहे. संदर्भाच्या भ्रमात टीव्हीवरचा निवेदक आपल्यालाच उद्देशून बोलतोय असे वाटते. उन्मादात मोठेपणाचा भ्रम दिसतो, तर तीव्र नैराश्यात अपराधाचा किंवा कफल्लक झाल्याचा. जोडीदाराच्या बेइमानीचा, नामवंत व्यक्ती आपल्या प्रेमात असल्याचा, कातडीखाली किडे वळवळत असल्याचा, हेही प्रकार आहेत. फ्रेंच डॉक्टर ज्यूल कोतार यांनी १८८० मध्ये आपले अवयवच उरले नाहीत असे मानणारी रुग्ण वर्णिली; १९२३ मध्ये जोसेफ काप्ग्रा यांनी जवळच्या माणसांच्या जागी तोतये आल्याचा भ्रम नोंदवला.

स्किझोफ्रेनिया, स्मृतिभ्रंश, मेंदूचे आजार, नशा अशी कारणे वेगवेगळी असल्याने तपासणी गरजेची. रुग्णाशी वाद घालू नका आणि होला होही देऊ नका. त्याची भीती समजून घ्या. औषधांनी बऱ्याच जणांना आराम पडतो. सल्ल्यासाठी ‘टेली-मानस’ची १४४१६ ही मोफत हेल्पलाइन आहे.