सोन्या-चांदीच्या तारेची अंगठी

सोन्या-चांदीच्या तारेची अंगठी हा सोन्याची एक तार व चांदीची एक तार एकत्र पिळून हाताने घडवलेला दागिना आहे. या अंगठीत दोन्ही धातू शेजारी असतात, परंतु एकमेकांत मिसळलेले नसतात. सोने व चांदी एकत्र वितळवल्यास फिकट पिवळा मिश्रधातू तयार होतो. त्याला इलेक्ट्रम म्हणतात. तारेच्या अंगठीत मात्र धातूंचे रंग, कस आणि मोल वेगवेगळे राहणे अपेक्षित असते. त्यामुळे धातू जोडणे, पण मिसळू न देणे, ही या कामातील मुख्य कसोटी ठरते.

पार्श्वभूमी

महाराष्ट्रात तारेपासून किंवा कांबीपासून वळवलेल्या साध्या अंगठीला वळे किंवा वेढणे असे म्हणतात. धार्मिक विधींत दर्भाचे पवित्रक अनामिकेत घालतात. त्याच घाटाची सोन्याची अंगठीही घडवली जाते. रत्नागिरीसह कोकण किनाऱ्यावर सोनारकाम परंपरेने मुख्यत्वे दैवज्ञ समाजाकडे राहिले. गिऱ्हाईक अनेकदा घरातील जुनी मोड घेऊन सोनाराकडे येते व तिचाच नवा दागिना करून मागते. अशा व्यवहारात धातू गिऱ्हाइकाचा असतो आणि सोनाराला घडणावळ मिळते. ओडिशातील कटक येथील तारकशीत केसासारख्या बारीक तारांची जाळी विणतात. या अंगठीत मात्र जाड तारेचा पीळ हाच दागिन्याचा मुख्य भाग असतो.

धातूंची निवड

२४ कॅरटचे शुद्ध सोने फार मऊ असल्याने रोजच्या वापरात त्याची तार वाकते व झिजते. म्हणून सहसा २२ कॅरटचे, म्हणजे ९१.६ टक्के शुद्धतेचे सोने घेतात. चांदी ९२.५ टक्के शुद्धतेची असून तिच्यात उरलेला भाग प्रामुख्याने तांब्याचा असतो. शुद्ध सोने १,०६४ अंश सेल्सिअसला आणि शुद्ध चांदी ९६२ अंशांना वितळते. तांबे मिसळलेली ९२.५ टक्के चांदी मात्र सुमारे ८०० अंशांपासूनच वितळू लागते. अंगठीला किती उष्णता द्यायची, याची मर्यादा त्यामुळे चांदी ठरवते.

तार ओढणे

प्रत्येक धातू स्वतंत्र मुशीत टाकणखार घालून वितळवतात व साच्यात ओतून त्याची कांब करतात. कांब ऐरणीवर ठोकून लांबवतात. नंतर तिचे टोक निमुळते करून ती जंतरातून ओढतात. जंतर म्हणजे क्रमाने लहान होत जाणारी छिद्रे असलेली पोलादी पट्टी. तारेला मेण लावून ती एकेका छिद्रातून पकडीने ओढली जाते. २ मिलिमीटर व्यासाची तार १ मिलिमीटरपर्यंत ओढली असता तिची लांबी चौपट होते.

ओढताना तार कडक होत जाते. ती तुटू नये म्हणून अधूनमधून मंद लाल होईपर्यंत तापवून पुन्हा मऊ करावी लागते. ही लाली भर उजेडात दिसत नाही. म्हणून हे काम सावलीत करतात.

वजन आणि पीळ

पिळण्यापूर्वी दोन्ही तारा वेगवेगळ्या तोलून वजने लिहून ठेवणे आवश्यक असते. अंगठी जोडल्यावर तिच्यातील सोने किती हे साध्या तराजूने सांगता येत नाही. समान जाडीच्या व लांबीच्या तारांतही सोने जड असते. उदाहरणार्थ, १ मिलिमीटर जाडीच्या प्रत्येकी ७५ मिलिमीटर लांबीच्या तारा घेतल्यास २२ कॅरट सोन्याचे वजन सुमारे १.०४ ग्रॅम आणि चांदीचे सुमारे ०.६१ ग्रॅम भरते. म्हणजे डोळ्यांना निम्मे-निम्मे दिसणाऱ्या अंगठीच्या वजनात सोन्याचा वाटा सुमारे ६३ टक्के असतो.

तारांची एकेक टोके घट्ट धरून दुसरी टोके सावकाश फिरवली की पीळ पडतो. दोन्ही तारा सारख्याच मऊ असाव्या लागतात. अन्यथा मऊ तार कडक तारेभोवती गुंडाळली जाते आणि पीळ असमान दिसतो. पिळलेली तार नंतर निमुळत्या लोखंडी सळईवर बोटाच्या मापाने वळवतात.

डाख देणे

वळवलेल्या तारेची टोके अशी कापतात की सोन्यासमोर सोने आणि चांदीसमोर चांदी येईल. सांध्यावर टाकणखार लावून डाखाचे बारीक तुकडे ठेवतात. डाख म्हणजे मूळ धातूंहून कमी तापमानाला वितळणारा सांधणीचा मिश्रधातू. चांदी उष्णता झपाट्याने वाहून नेते, म्हणून केवळ सांधा न तापवता सबंध अंगठी फुंकणीच्या ज्योतीने सारखी तापवतात. डाख पाण्यासारखा पसरताच ज्योत काढून घेतात.

ज्योत क्षणभर अधिक राहिली तर चांदी वितळून सोन्यावर पसरते व सोने तिच्यात विरघळू लागते. पिळाच्या रेषा पुसट होतात आणि सोन्याचा पृष्ठभाग फिकट पडतो. ही हानी घासून किंवा उजाळा देऊन भरून येत नाही. डाखात कॅडमियम असल्यास तापवताना निघणारी त्याची वाफ फुप्फुसांना अपायकारक असते.

यानंतर अंगठी तुरटीच्या गरम पाण्यात किंवा सौम्य आम्लात टाकून काळपटपणा काढतात. या द्रवात लोखंडी चिमटा घालत नाहीत, कारण त्यामुळे दागिन्यावर तांब्याचा लालसर थर चढतो.

कस आणि व्यवहार

वरील उदाहरणातील अंगठी पुढे मोड म्हणून सबंध वितळवली, तर तिच्या लगडीचा कस जेमतेम १४ कॅरट येतो. त्यातील सोने पुन्हा वेगळे करण्यासाठी सोन्याचा वाटा सुमारे एक-चतुर्थांश होईपर्यंत चांदी मिसळावी लागते आणि मग नायट्रिक आम्लात चांदी विरघळवावी लागते. या प्रक्रियेत खर्च होतो व घटही येते. म्हणून दोन्ही धातूंचे वजन व कस पावतीवर स्वतंत्र लिहून घेणे गिऱ्हाइकाच्या हिताचे असते.

जानेवारी १९६३ मध्ये लागू झालेल्या सुवर्ण नियंत्रण नियमांनी १४ कॅरटपेक्षा अधिक शुद्धतेचे नवे दागिने घडवण्यास बंदी केली. त्यामुळे देशभरातील अनेक सोनारांचा रोजगार बुडाला. शुद्धतेची ही अट १९६६ मध्ये उठली. १९६८ चा सुवर्ण नियंत्रण कायदा १९९० मध्ये रद्द झाला. सोन्याच्या दागिन्यांसाठी हॉलमार्कची सक्ती १६ जून २०२१ पासून टप्प्याटप्प्याने लागू झाली. तिच्यातून २ ग्रॅमपेक्षा कमी वजनाचे दागिने वगळले आहेत. त्यामुळे अशा हलक्या अंगठीच्या बाबतीत सोनाराची पावती हाच बहुधा शुद्धतेचा मुख्य पुरावा असतो.

निगा

हवेतील गंधकयुक्त वायूंमुळे चांदी काळवंडते आणि दमट हवेत ही क्रिया अधिक वेगाने होते. रत्नागिरीसारख्या किनारी भागात पावसाळ्यात हा बदल लवकर जाणवतो. २२ कॅरट सोन्यावर त्याचा फारसा परिणाम होत नाही. रिठ्याच्या कोमट पाण्यात मऊ ब्रशने धुऊन, कोरडी करून, हवाबंद डबीत ठेवल्यास अंगठी उजळ राहते. काही जण पिळाच्या खोबणीतील काळेपणा मुद्दाम तसाच ठेवतात, कारण त्यामुळे दोन्ही तारा अधिक ठळक दिसतात.