बिशप पर्शियाचा, घरं ठाण्याची

केळवे-माहीमपासून तारापूर, डहाणूपर्यंत समुद्राकाठी फिरंग्यांचे कोट पडके का होईना, उभे आहेत. त्यामुळे पालघरच्या पट्ट्यात ख्रिस्ती धर्म तोफांसोबतच उतरला, अशी समजूत सहज होते. ती समजूत जवळजवळ हजार वर्षं उशिरा सुरू होते. इ.स. 550 च्या सुमारास अलेक्झांड्रियाचा व्यापारी कॉस्मस लिहून ठेवतो की ‘कल्लियाना’त एक बिशप आहे आणि त्याची नेमणूक पर्शियातून होते. काही अभ्यासक हे गाव उडुपीजवळच्या कल्याणपुरात शोधतात. पण कॉस्मस बंदरं सांगतो ती अशी : सिंध, ओर्होथा, कल्लियाना, सिबोर आणि मग मलबारची पाच. ओर्होथा सौराष्ट्राकडे आणि सिबोर म्हणजे चौल धरलं, तर मधलं कल्लियाना हे उल्हास खाडीवरचं आपलं कल्याणच ठरतं. तिथून तांबं, इमारती लाकूड आणि कापड बाहेर जाई, हेही तो नोंदवतो. एवढं सगळं असताना 1321 मध्ये लॅटिन साधू ठाण्याला उतरले, तेव्हा या जुन्या पंथाची तिथे जेमतेम पंधरा घरं होती. बिशपाचं नावही निघत नाही. मधल्या साडेसातशे वर्षांत काय हरवलं? माझ्या मते श्रद्धेआधी पद हरवलं, आणि ते हरवलं कारण ते कधी इथलं झालंच नव्हतं.

पद म्हणजे काय, हे समजायला आरंभीच्या मंडळीकडे जावं लागतं. तिथली पदं मानासाठी नव्हे, पंगतीसाठी निर्माण झाली. जेरुसलेममध्ये सगळं सामाईक होतं, पण रोजच्या वाटपात ग्रीक बोलणाऱ्या विधवांना डावललं जातं अशी कुरकुर उठली. तेव्हा सात माणसं निवडून वाटपाचं काम त्यांच्याकडे दिलं गेलं, असं ‘प्रेषितांची कृत्ये’ सांगतं. परंपरा यातच डीकन या पदाचा उगम पाहते. मराठी बायबलात बिशपाला ‘अध्यक्ष’, प्रिस्बिटरला ‘वडील’ आणि डीकनला ‘सेवक’ म्हटलंय. त्या काळच्या अर्थाच्या ते फार जवळ जातं. 251 साली रोमचा बिशप कॉर्नेलियस एका पत्रात आपल्या मंडळीची मोजदाद देतो : 46 वडील, 7 सेवक, आणि पंधराशेहून अधिक विधवा व गरजू, ज्यांचं पोट मंडळीवर चालतं. सेवकांचा आकडा सातावरच थांबवला होता, हे गमतीचं आहे. जेरुसलेमची आठवण जपायची म्हणून.

त्याहून जुनी ‘डिडाखे’ ही नियमपुस्तिका बहुधा पहिल्या शतकाच्या अखेरची, पण तिची संपूर्ण प्रत 1873 मध्ये कॉन्स्टँटिनोपलात हाती लागली. तिचा एक नियम सरळ आहे : अध्यक्ष आणि सेवक तुम्हीच तुमच्यातून निवडा. फिरत्या संदेष्ट्यांचा ती मान राखते, पण जो तीन दिवस राहील किंवा पैसे मागेल तो खोटा, असंही बजावते. बाहेरून येणारा पूज्य, पण कारभार घरच्या माणसाचा. 325 च्या निकियाच्या परिषदेने बिशपाची नेमणूक त्याच प्रांतातल्या बिशपांकडे सोपवली आणि बिशपाने एक गाव सोडून दुसऱ्या गावी जाऊ नये असं ठरवलं. पदाला जागेशी बांधून ठेवण्याची ही धडपड होती.

कल्याणला ही गाठ समुद्रापलीकडे पडलेली. सातव्या शतकात पर्शियातल्या रेव अर्दशीरच्या महाधर्माध्यक्षाने कॅथोलिकोसशी, म्हणजे या पर्शियन मंडळीच्या प्रमुखाशी, भांडण काढलं, तेव्हा भारताला बिशप मिळणंच थांबलं, अशी तक्रार कॅथोलिकोस इशोयाब तिसरा याच्या पत्रात आहे. भांडण तिकडचं, उपास इकडे. 1321 मध्ये ठाण्याला उतरलेल्या त्या लॅटिन साधूंपैकी जॉर्डानस या मुलखातल्या विखुरलेल्या ख्रिश्चनांविषयी सांगतो की त्यांना बाप्तिस्मा नाही, धर्माची माहिती नाही, आणि ते संत थॉमसलाच ख्रिस्त समजतात. परक्या पंथाच्या माणसाची ही साक्ष आहे, ती थोडी तिखटच असणार. पण बाप्तिस्मा द्यायला कुणी उरलं नव्हतं, हे तीत दिसतंच. याच जॉर्डानसने ठाण्यात मारल्या गेलेल्या आपल्या सोबत्यांना सोपाऱ्यात, म्हणजे आजच्या पालघर जिल्ह्यात, पुरलं.

इथे कुणी विचारेल, केरळचे बिशपही पर्शियातूनच येत, मग ती मंडळी कशी टिकली? माझा मुद्दा तिथेच पक्का होतो. मलबारात बिशप परका असला तरी आर्चडीकन स्थानिक घराण्यातला असे, आणि पळ्ळीयोगम म्हणजे चर्चची गावसभा कारभार पाही. बिशप आला नाही तरी पंगत मोडत नसे. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे : ठाण्याची पंधरा घरं पेठेतली, तर पोर्तुगीज काळात ख्रिस्ती झालेली वसईकडची गावं शेतकऱ्यांची, जमिनीवरचा माणूस टिकतो, व्यापारी उठून जातो. हे मान्य करावंच लागेल. तरी जमीन बाप्तिस्मा देत नाही. जानेवारी 1739 मध्ये मराठ्यांनी पोर्तुगिजांकडून तारापूर घेतलं, मे महिन्यात वसई पडली, आणि बहुतेक युरोपीय पाद्री निघून गेले. राज्याच्या आधाराने आलेला धर्म राज्याबरोबर जायला हवा होता. पण 1760 मध्ये फ्रेंच प्रवासी आंकतिल द्यू पेरों साष्टीत फिरला, तेव्हा सण उघडपणे साजरे होत होते आणि ठाण्याच्या चर्चचा पाद्री एतद्देशीय होता. पोर्तुगिजांनी वरची पदं दोन शतकं गोऱ्यांच्याच हाती ठेवली. खालचं पद एतद्देशीयांकडे आलं, आणि नेमकं तेच उपयोगी पडलं. वसईचा स्वतंत्र धर्मप्रांत व्हायला मात्र 1998 उजाडलं. त्याचे पहिले बिशप थॉमस डाबरे हे वसईचेच.

‘डिडाखे’तला पंगतीचाच आणखी एक नियम परगावच्या कामगारांच्या बोईसर-तारापूर औद्योगिक वसाहतीत वाचावा असा आहे. परगावचा बांधव वस्तीला आला आणि त्याला कसब असेल, तर त्याने काम करून खावं. कसब नसेल तर मंडळीने विचार करून त्याची सोय लावावी, मात्र कुणीही ऐतखाऊ राहू नये. ते न पाळणाऱ्यासाठी पुस्तिकेने एक शब्दच घडवला आहे : ख्रिस्ताचा व्यापार करणारा.